‘प्लास्टिक काढा, ॲल्युमिनियम बसवा’ : हा सल्ला नटबोल्टसकट खोलून

आरसी मॉन्स्टर ट्रक, म्हणजे रिमोटवर चालणारी मोठ्या चाकांची छोटी गाडी, नवा घेतला, की दोन दिवसांत कुणी ना कुणी तो मेसेज पाठवतोच. शब्द थोडेफार बदलतात, मतलब असा : कंपनी मुद्दाम कच्चं प्लास्टिक घालते, म्हणजे सुटे भाग खपतात. ॲल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा मजबूत असतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आफ्टरमार्केटवाले, म्हणजे मूळ कंपनीऐवजी सुटे भाग बनवणारे बाहेरचे, नुसती नक्कल मारतात आणि वर रंग चढवतात. खरी चाचणी म्हणजे गाडी गच्चीवरून टाकून बघणं. आणि घरोघरी थ्रीडी प्रिंटर आलेले असताना पार्ट विकत घ्यायचेच कशाला?

पाच दावे, एका दमात. त्यातला एक अर्धा खरा आहे. बाकीच्यांनी माझा खिसा हलका केलाय.

ॲल्युमिनियमपासून सुरुवात करतो, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. ‘मजबूत’ हा शब्द फार ढिला आहे. ६०६१-टी६ या नेहमीच्या मिश्रधातूचा ताठपणा सुमारे ६९ गिगापास्कल, साध्या कोरड्या नायलॉनचा जेमतेम ३. म्हणजे तोच आकार ॲल्युमिनियममध्ये काढला तर तो वीसपटीहून अधिक ताठ. कागदावर सामना इथेच संपला. पण मॉन्स्टर ट्रकचा सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा वर-खाली हलणारा हात, हा काही पुलाचा गर्डर नव्हे. त्याला दर रविवारी दगडावर, फुटपाथच्या कडेवर आणि झाडाच्या बुंध्यावर आपटायचं असतं. आपटताना जी ऊर्जा असते ती कुठेतरी जिरावीच लागते. नायलॉनचा आर्म मागे वाकतो, तेवढ्यात गाडी आणखी थोडी पुढे जाऊन थांबते. थांबायला अंतर दुप्पट मिळालं तर सरासरी बल निम्मं होतं. मग आर्म परत सरळ होतो. ताठ आर्म वाकत नाही, सगळा दणका जसाच्या तसा शेजाऱ्याकडे पाठवतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा एक दशांश मापाचा ट्रक, वजन दोन किलोंच्या आसपास. भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ६०६१ च्या बारमधून पुढचे दोन आर्म मिलिंग करून घेतले. काम देखणं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तिसऱ्याच रविवारी पुढचं उजवं चाक फुटपाथच्या कडेला बसलं. आर्मवर ओरखडासुद्धा नाही! मी खूश. घरी येऊन चाक हलवलं तर कोपरा लडबडत होता. आर्म जिच्यावर हलतो ती हिंज पिन वाकलेली, आणि पिन ज्यात बसते ते बल्कहेड चिरलेलं. आर्म बदलायला दहा मिनिटं लागतात. बल्कहेड बदलायला डिफ (चाकांना ताकद वाटणारा गिअर), शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर वर जिथे बसतात तो भाग), स्टिअरिंग, म्हणजे गाडीचं अख्खं नाक उतरवावं लागतं. न तुटणाऱ्या आर्मसाठी मी पैसे मोजले आणि तो खरंच तुटला नाही. त्याने दुसऱ्याला तोडलं.

त्यात वजनाचा हिशेब वेगळा. नायलॉनची घनता १.१४, ॲल्युमिनियमची २.७. त्याच आकाराचा भाग दुपटीहून जड, आणि आर्मसारख्या भागात ते वजन बरंचसं शॉकच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला जाऊन बसतं. खडबडीत जमिनीवर चाक उडतं ते मग वेळेत खाली येत नाही.

मात्र ॲल्युमिनियम सरसकट वाईट, असं म्हणणाराही तितकाच आंधळा. मोटर माउंट ॲल्युमिनियमचाच हवा, कारण तो मोटरची उष्णता ओढून चासीकडे देतो. शॉकची बॉडी आणि टोपी ॲल्युमिनियमची बरी, कारण प्लास्टिकच्या टोपीचे आटे जोरात बसल्यावर सुटतात आणि तेल सांडतं. स्टिअरिंगच्या बेलक्रँकलाही (वळणाची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या तरफेलाही) ताठपणा हवा, नाहीतर सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, एक सांगतो आणि चाक दुसरंच करतं. मेसेजमधला अर्धा खरा दावा म्हणतो तो हा : योग्य जागी धातू हवाच. मेसेजमध्ये जागा सांगितलेलीच नसते.

‘कंपनी मुद्दाम कच्चं घालते’ याचं उत्तर एका नावात आहे : आरपीएम. कॅलिफोर्नियातली ही जुनी आफ्टरमार्केट कंपनी. तिची ओळखच अशी की तिचा आर्म किंवा बंपर तुटला तर ती बदलून देते. आता विचार करा. पार्ट तुटला की ज्याचं नुकसान होतं, तो माणूस आर्म कशाचे बनवतो? नायलॉनचे. (मोल्डिंग हाच त्यांचा धंदा आहे, तेव्हा ते आपलीच बाजू घेणार, हा आक्षेप मला मान्य. पण धातूने रोजचं बदलून देणं वाचलं असतं तर एवढ्या वर्षांत कुणीतरी तिकडे वळलंच असतं.) फरक प्लास्टिक आणि धातू यांच्यात कमी आणि प्लास्टिक-प्लास्टिकमध्ये जास्त आहे. काचतंतू घातलेलं नायलॉन ताठ असतं, साच्यातून काढल्यावर कमी आकसतं, मापं नीट राहतात. म्हणून ते कारखान्याला सोयीचं आणि रेसवाल्यालाही आवडतं. पण ते वाकण्याआधी तुटतं. तंतू न घातलेलं लवचीक नायलॉन मार खातं, पण स्टिअरिंग थोडं सैल वाटतं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. गाडी कशी चालवली जाईल याचे दोन वेगळे अंदाज आहेत, इतकंच.

आणि नायलॉन पाणी पितं, हे तर मेसेजवाल्यांच्या गावीही नसतं. साच्यातून निघालेला नायलॉन ६/६ चा कोरडा भाग ठिसूळ असतो. मध्यम दमट हवेत तो वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी ओढतो आणि चिवट होतो. २० ग्रॅमच्या आर्मचं वजन अर्ध्या ग्रॅमने वाढलं पाहिजे, आणि हे सोनाराच्या काट्यावर सहज दिसतं. जुने लोक नवे आर्म पाण्यात उकळून मगच बसवायचे त्यामागे हेच होतं. रत्नागिरीच्या हवेला हे काम फुकट करता येतं, फक्त वेळ लागतो. पाकिटातून काढलेला पार्ट त्याच दिवशी उडवून ‘प्लास्टिक फालतू निघालं’ म्हणणाऱ्याने आधी काटा बघावा.

आता ‘नुसती नक्कल’. बाजारात नक्कल आहे, भरपूर आहे, निळा-लाल ॲनोडाइज (ॲल्युमिनियमवरचा रंगीत थर) चढवलेली आहे. पण आफ्टरमार्केट म्हणजे तेवढंच असं ज्याला वाटतं, त्याने तामिया या जपानी कंपनीचा क्लॉड बस्टर बघावा. हा ट्रक १९८७ चा. प्रत्येक ॲक्सलवर एक मोटर, चारही चाकांना स्टिअरिंग. पण सर्व्हो चासीवर, आणि तिथून लांब सळ्या ॲक्सलपर्यंत गेलेल्या. ॲक्सल वर-खाली झाला की सळीचा कोन बदलतो, आणि तुम्ही रिमोटची स्टिक हलवली नसतानाही चाकं वळतात. ही सळी पोलादाची करा, सोन्याची करा, चाकं वळायचीच. इलाज निघाला तो सर्व्हो उचलून थेट ॲक्सलवर बसवण्याचा. मग ॲक्सलबरोबर सर्व्होही हलतो आणि सळीचा कोन तोच राहतो. पाठोपाठ वेगळ्या चासी आल्या, ॲक्सलला चार दांड्यांनी धरणारं, चार लिंकचं सस्पेन्शन आलं. यात मूळ भागाची नक्कल कुठे आहे? इथे मूळ कल्पनाच दुरुस्त झाली.

नक्कल करायची म्हटलं तरी ती वाटते तितकी सोपी नाही. तंतूविरहित नायलॉन साच्यात थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. कितीतरी ट्रकमध्ये चालणारं ५×११×४ मिलिमीटरचं बेअरिंग घ्या. ११ मिलिमीटरचं भोक हवं तर साच्यातली पिन ११ च्या वर सोळा-सतरा शतांश घ्यावी लागते. ती नेमकी किती, हे भागाच्या जाडीवर ठरतं. चुकलं तर बेअरिंग एक तर आत खुळखुळतं, नाहीतर हातोडीने ठोकावं लागतं. शिवाय वितळलेलं प्लास्टिक भोकाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे भेटतं, तिथे सांधा राहतो. भाग तुटला तर बहुधा तिथेच. म्हणून प्लास्टिक साच्यात कुठून सोडायचं, यावर डिझाइनवाल्याचे दिवस जातात.

गच्चीचा व्हिडिओ मात्र मला मनापासून आवडतो, करमणूक म्हणून. चाचणी म्हणून आकडे मांडू. ट्रॅक्सस कंपनीचा एक्स-मॅक्स ट्रक साडेआठ किलोंहून जड, आणि ८एस (आठ सेलच्या) बॅटरीवर ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो. तीन मीटरवरून टाकलात तर त्यात सुमारे २५० ज्यूल ऊर्जा असते. पूर्ण वेगात भिंतीवर गेला तर २१०० ज्यूल. गच्चीवरून टाकून तेवढी गाठायची तर गच्ची २५ मीटरवर हवी, म्हणजे आठ मजले. आणि दिशेचं काय? वरून पडलेली गाडी चाकांवर बसते, भार शॉकमधून वर जातो, आणि शॉक त्यासाठीच असतात. फुटपाथची कड चाकाला मागे ढकलते, तिथे शॉकचा उपयोग नाही, सगळं आर्म आणि हिंज पिनवर. म्हणजे गच्चीवरून वाचलेल्या आर्मबद्दल आपल्याला फारसं काहीच कळलेलं नसतं.

मी काय करतो ते सांगतो, कुणाला जमेल असं आहे. डाव्या बाजूला जुना आर्म, उजव्या बाजूला नवा. तोच ट्रक, तीच बॅटरी, तीच धाव, एकाच लाकडी ओंडक्यावर आधी एक चाक, मग दुसरं. अर्ध्यात बाजू बदलायच्या, कारण हात नकळत एका बाजूला खेचतो. दर दहा धडकांनंतर हिंज पिन काढून काचेवर लोळवायची. सरळ पिन मुकाट घरंगळते, वाकलेली टकटक करते. आर्मकडे मी सर्वांत शेवटी बघतो. आधी बल्कहेड, मग पिन, मग शॉकचं टोक, कारण नवा भाग दणका कुणाच्या गळ्यात घालतोय ते तिथे दिसतं. वहीत लिहायचं : काय तुटलं, कितव्या धडकेला, आणि बदलायला किती मिनिटं लागली. हा शेवटचा रकाना कुठल्याही व्हिडिओत नसतो.

थ्रीडी प्रिंटरबद्दल थोडक्यात. माझ्याकडे आहे, आणि त्याच्याशिवाय आता माझं पान हलत नाही. भोकं जुळतात का, चाक पूर्ण वळल्यावर आर्मला घासतं का, हे प्रिंट काढून अर्ध्या दिवसात कळतं. पण घरगुती प्रिंट थरांचा असतो आणि थरांच्या मधून सोलला जातो. त्यातून तो पीएलएचा, म्हणजे प्रिंटरमधल्या नेहमीच्या प्लास्टिकचा, असला तर साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत एक आर्म विसरलो होतो. परत आलो तेव्हा तो वाकलेला होता, एकही धडक न खाता.

भोसरीचे ते दोन आर्म अजून कपाटात आहेत, सरळ आणि चकचकीत. ट्रकवर सध्या नायलॉनचे आहेत. गेल्या पावसाळ्यापासून दोन तुटले, आणि बल्कहेड अजून तेच आहे.