‘कुठल्याही कॉलेजची बी.ई. जगभर चालते’ म्हणे!

प्रवेशाचे दिवस आले की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोच: ‘भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात आहे. आता आपल्या कुठल्याही कॉलेजची बी.ई. अमेरिका, कॅनडा, जर्मनीत जशीच्या तशी चालते. नॅकची ए ग्रेड बघा आणि बिनधास्त प्रवेश घ्या.’ परवा शिरपूरकडच्या एका नानांनी तो दाखवला आणि विचारलं, ‘‘हाई खरं शे का, सर?’’

वॉशिंग्टन करार म्हणजे सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांची पातळी सारखी मानण्याचा करार. त्यातलं २०१४ खरं. त्या वर्षी १३ जूनला आपली एनबीए, म्हणजे इंजिनिअरिंगच्या शाखा तपासून मान्यता देणारी संस्था, कराराची कायम सदस्य झाली. मेसेजमधलं धड तेवढंच.

‘कुठल्याही कॉलेजची’ ही खरी मेख. करारात कॉलेज धरत नाहीत, शाखा धरतात. तीही एनबीएची टियर-वन मान्यता असेल तरच. टियर-वनमध्ये येतात विद्यापीठांचे स्वतःचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी असो की लोणेरेच्या आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी, नुसत्या संलग्न कॉलेजची शाखा टियर-टूत जाते आणि एनबीए मिळूनही कराराबाहेर राहते. शिवाय दोन बॅचेस बाहेर पडल्याशिवाय नव्या शाखेला मान्यताच मागता येत नाही. तेव्हा कालपरवा सुरू झालेल्या एआयच्या शाखेपुढे ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ छापलेलं दिसलं, तर काय ते समजून घ्या.

नॅकचा इथे संबंधच नाही. ती अख्ख्या संस्थेचं मूल्यांकन करते, करार बघतो एनबीए.

जर्मनी तर या करारात नाहीच. तिथे आनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये तुमच्या विद्यापीठाची नोंद कशी आहे ते पाहतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्रही काढावं लागतं.

आता ‘जशीच्या तशी’. करारामुळे शिक्षणाची पातळी सारखी धरली जाते, लायसन्स हातात पडत नाही. अमेरिकेत पी.ई., म्हणजे लायसन्सधारक प्रोफेशनल इंजिनिअर, व्हायचं तर परीक्षा, अनुभव आणि त्या-त्या राज्याच्या बोर्डाची मंजुरी लागते. कॅनडात प्रत्येक प्रांताची नियामक संस्था वेगळी. पुलाच्या ड्रॉइंगवर सही करायची असेल त्या सिव्हिलवाल्याला हे सगळं नडतं. सॉफ्टवेअरवाल्याला सहसा कुणी विचारतही नाही.

मात्र ‘एनबीए नाही, तर परदेश विसरा’ ही उलटी आवईही तितकीच पोकळ. एम.एस.ला कुणाला घ्यायचं ते तिथलं विद्यापीठ ठरवतं, मार्क आणि ट्रान्सक्रिप्ट बघून. टियर-टू कॉलेजांतली मुलंही जातातच.

नानांच्या मोबाइलमध्ये कॉलेजच्या काउंटरमागे टांगलेल्या एनबीएच्या फ्रेमचा फोटो होता. बोटांनी मोठा करून पाहिला. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल, टियर-टू, मुदत गेल्या ३० जूनला संपलेली. पोरीला हवी होती कॉम्प्युटरची शाखा. ती त्या कागदावर नव्हतीच.