ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरविना चालवण्याबाबत खुलासा

नांदेड-परभणीकडच्या ऑर्केस्ट्रा वादकांच्या मोबाइलवर, ट्यूबचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, बास गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता वाजवला तरी बिघडत नाही, असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला हे बहुधा खपते. ट्यूबच्या यंत्रात मात्र स्पीकरच्या आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबमधली वीज स्पीकरला जुळवून देणारा, तारांच्या गुंडाळ्यांचा भाग) असतो आणि स्पीकरचा भार नसताना बासची तार छेडली, तर ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या (प्राथमिक) गुंडाळीत व्होल्टेज इतके चढू शकते की आतले इन्शुलेशन जळते किंवा ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटीसारख्या ३०० वॉटच्या यंत्रात तर ही जोखीम थोडीथोडकी नाही. म्हणून मांडवात आधी यंत्रावर लिहिलेल्या ओहमचा (विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकर जोडावा, तोही जाड स्पीकर वायरने. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण ती या कामाची नाही, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो.