अभिक्रियांचे डेटाबेस ‘कालबाह्य’ झाले म्हणे

गेल्या आठवड्यात बायोटेकच्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर येऊन पडला. सारांश असा: जैवरासायनिक अभिक्रियांचे डेटाबेस, म्हणजे पेशीत कुठला रेणू कशात बदलतो याच्या नोंदी, आता इतिहासजमा झाले. जे आहेत ते एकदाच भरून ठेवलेत. एआय कुठलीही अभिक्रिया सेकंदात सांगतं. हातानं नोंदी तपासणं म्हणजे कारकुनी. सगळं फुकट मिळतंच. तेव्हा पुण्यातल्या पोरांनी यात वर्षं घालवू नयेत आणि भारतानं पैसा. खाली भरपूर अंगठे. मी पाषाणला बसून हीच कारकुनी करते, त्यामुळे गप्प बसवेना.

‘एकदा भरलं की झालं’ हा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटातून निघालेत.

हेक्सोकायनेज या एन्झाइमची (अभिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची) अभिक्रिया एफवायच्या पोरालाही पाठ असते. ग्लुकोज अधिक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), त्यातून ग्लुकोज-6-फॉस्फेट अधिक एडीपी. जपानच्या केग डेटाबेसमध्ये ती अशीच आहे आणि बरोबर आहे, कारण तिथे हे रेणू भाररहित रूपात लिहिलेले असतात. हायड्रोजन मोजून बघा: डावीकडे 12 आणि 16, उजवीकडे 13 आणि 15. दोन्हीकडे 28. आता रिया उघडा. मुलीचं नाव नव्हे, स्विस मंडळी सांभाळतात तो डेटाबेस. तिथे रेणू 7.3 पीएचला ज्या रूपात असतात त्या रूपात लिहितात. एटीपीवर उणे 4 भार, ग्लुकोज-6-फॉस्फेटवर उणे 2, एडीपीवर उणे 3. म्हणजे डावीकडे उणे 4, उजवीकडे उणे 5. हिशेब जुळत नाही, म्हणून रियात उजवीकडे एक प्रोटॉन जास्त लिहिलेला असतो.

दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर. पण समीकरण केगचं आणि रेणू रियाचे अशी भेळ केली की दर ग्लुकोजमागे एक प्रोटॉन गायब. शिवाय ‘ग्लुकोज’ म्हणजे नक्की कोणता? केगमध्ये डी-ग्लुकोजचा क्रमांक वेगळा, अल्फाचा वेगळा, बीटाचा वेगळा. सदाशिव पेठेत नुसतं ‘जोशी’ विचारून घर सापडत नाही, तसंच हे.

एका प्रोटॉननं काय होतं, असं वाटेल. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीचं आयएमएल1515 हे संगणकी मॉडेल घ्या, त्यात 2712 अभिक्रिया आहेत. एवढ्या पसाऱ्यात चार-दोन ठिकाणी हिशेब चुकला किंवा एखाद्या अभिक्रियेची दिशा उलटी सुटली, की मॉडेल हवेतून एटीपी काढायला लागतं. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये नेमकं हेच झालं होतं. साखर शून्य केली, ऑक्सिजन शून्य केला, तरी पठ्ठ्याचं एटीपी चालूच. गाइडनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पेटंट घेऊन टाक.’ चूक सापडायला पंधरा दिवस गेले. होती एका ओळीत, दिशेच्या बाणात.

आणि बरोबर भरलेलंही बरोबर राहत नाही. एन्झाइमांचे सहा वर्ग घोकून आम्ही परीक्षा काढल्या. 2018 साली सातवा वर्ग आला, पटलाच्या (मेम्ब्रेनच्या) एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आयन किंवा रेणू नेणाऱ्या एन्झाइमांचा. एटीपी बनवणाऱ्या एटीपी सिंथेजसारखं बडं प्रस्थ वर्गवारीतला 3.6.3.14 हा पत्ता सोडून 7.1.2.2 ला राहायला गेलं. जुना क्रमांक पुन्हा कुणाला देत नाहीत, पण हजारो पेपरांत आणि एक्सेल शीटांत तो अजून आहेच. कोण जुळवणार? एकदा भरून झालंय ना सगळं!

आता एआय. मी रोज वापरते, नाक मुरडायचं कारण नाही. पेपरांच्या ढिगातून कामाचे पेपर वेचायला त्याच्यासारखा गडी नाही. पण ते शिकतं कशावर? प्रथिनांचा आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयच्या कर्त्यांना 2024 चं नोबेल मिळालं ते योग्यच. त्याच्या मुळाशी 1971 पासून माणसांनी एकेक करून जमवलेल्या, तपासलेल्या प्रथिनांच्या रचना आहेत. आणि अल्फाफोल्ड आकार सांगतं. तो आकार कुठल्या रेणूवर काय काम करतो, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

त्यातली मेख 2009 च्या एका अभ्यासात दिसते. एन्झाइमांच्या सहा मोठ्या घराण्यांमधल्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. हातानं तपासलेल्या स्विस-प्रॉट या प्रथिनांच्या संग्रहात बहुतेक कुळांत चुका जवळपास शून्य. ज्या संग्रहांत यंत्रानं साधर्म्यावरून कामं चिकटवली होती, तिथे घराण्यागणिक सरासरी 5 ते 63 टक्के चुकीच्या. शेजारच्यासारखा दिसतो म्हणून शेजारच्याचंच आडनाव लावलं, मग त्याच्यासारखा दिसणाऱ्या तिसऱ्यालाही तेच. असल्या ओळींवर शिकलेलं मॉडेल उत्तर मात्र ठसक्यात देतं.

‘कारकुनी’बद्दल फार बोलत नाही, एक प्रसंग सांगते. आमच्याकडे प्रोजेक्टला आलेली एमएस्सीची मुलगी एका तक्त्याशी अडली होती. ‘ताई, या एन्झाइमचा केएम बाकीच्यांच्या हजारपट कसा?’ (केएम म्हणजे एन्झाइमला निम्मा वेग गाठायला रेणूची जेवढी संहती लागते ती.) मूळ पेपर उघडला. जुनी पीडीएफ. छापात मायक्रोमोलर स्वच्छ दिसत होतं. तेच कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवलं, तर ग्रीक म्यूच्या जागी साधा एम उतरला. मायक्रोचं मिली झालं होतं. फॉन्टची करामत. आमच्या शीटमध्ये तो आकडा निमूट बसून होता आणि त्यावर दोन आलेखही काढून झाले होते. तिला तो खटकला, कारण तिनं त्याच एन्झाइमवरचे आणखी चार पेपर वाचले होते. याला कारकुनी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

‘सगळं फुकट मिळतं’ हे अर्धसत्य. रिया खुला आहे. 1987 पासून चालू असलेला, आधी जाडजूड पुस्तकांच्या रूपात निघणारा जर्मनीचा ब्रेंडाही खुला आहे. पण केगचे पान चाळणं फुकट असलं तरी एफटीपीवरून अख्खा डेटा उतरवायला 2011 पासून पैसे पडतात, कारण अनुदान आटलं. बायोसायक या डेटाबेस-संचाचा बराच भाग वर्गणीवर गेला; त्यातला ई. कोलायचा इकोसायक मात्र मोकळा राहिला. फुकट असतं तेव्हा बिल दुसरं कुणीतरी भरत असतं, एवढंच.

राहिला भारताचा मुद्दा. बाहेरचे करतात, आपण वापरू, असा सूर आहे. हळद सांगलीची, बाजार सांगलीचा, पण हळदीच्या रोपात करक्युमिन कसं तयार होतं ती एन्झाइमं, डीसीएस आणि सीयूआरएस, 2009 साली जाहीर केली टोकियोच्या गटानं. डेटाबेसात ती ओळ आहे ती त्यांच्या कामामुळे. त्याबद्दल त्यांचे आभारच. पण आपल्या अंगणातल्या झाडांच्या अभिक्रिया भरायला कुणीतरी बाहेरून येईल, अशी वाट किती बघायची? कडुनिंबातल्या लिमोनॉइड नावाच्या संयुगांच्या जैवसंश्लेषणावर इथे पाषाणलाच एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, काम झालंय. चेन्नईच्या गणिती विज्ञान संस्थेनं भारतीय औषधी वनस्पतींमधल्या रसायनांचा इम्पॅट हा हातानं तपासलेला डेटाबेस उभा केला. म्हणजे येतं आपल्याला.

अडतं दुसरीकडेच. आपल्याकडे डेटाबेस ‘उभारायला’ ग्रँट मिळते, सांभाळायला सहसा नाही. मी ज्या लॅबमध्ये आधी होते तिथे एका पीएचडीच्या मुलानं तीन वर्षं खपून छोटासा, पण फार नीटस डेटाबेस केला होता. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा पीसी, त्यावर चिठ्ठी: ‘बंद करू नये. खरंच.’ पेपर छापून आला, मुलगा पोस्टडॉकला गेला. मग एका गुरुवारी नेहमीप्रमाणे लाइट गेली, संध्याकाळी आली, पण त्या मशीनचा पासवर्ड लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हता. मेल केली तर त्याचंही उत्तर आलं की बदललेला आठवत नाही. पेपरमध्ये ती लिंक अजून निळ्या अक्षरांत आहे. दाबली की पान फिरत राहतं.