लोकर ती, आकसणारच

म्हापशाच्या एका लॉन्ड्रीवाल्याने परवा माझा स्वेटर परत दिला. कडक इस्त्री, वर प्लॅस्टिकची पिशवी आणि माप पाच वर्षांच्या पोराचं. बेळगावच्या मावशीने विणलेला, शुद्ध लोकरीचा. ‘हाताने, गार पाण्यात’ असं पावतीवर लिहून घेतलं होतं. मालकाने पावती उलटी केली. मागे बारीक टायपात सगळ्या जबाबदाऱ्या झटकून ठेवलेल्या. "लोकर ती, आकसणारच."

आकसणारच कशी? मेंढी पावसात भिजते, आकसते का? लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि मशीनची घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात ते अडकतातच. हे सगळं मी बोलणार होतो, पण इस्त्रीच्या शर्टांसाठी ताटकळलेले एक काका मध्ये पडले.

"बाब, गोंयांत स्वेटर कित्याक?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी बाही चाचपली. "ओढला की येतो. धरा." दुसरी बाही माझ्या हातात. काउंटरवर रस्सीखेच सुरू झाली. मागच्या बाईंनी सरकून जागा करून दिली. बाही इंचभरही वाढली नाही, खांद्याची शिवण तेवढी करकरली.

"आता ओला करून दोरीवर टांगा, खाली नारळ बांधा. माझ्या भावाने केलं होतं."

"मग वाढला?"

"वाढला तर! गुडघ्यापर्यंत. भाऊ तेवढाच राहिला."

गोव्यात स्वेटर कशाला म्हणणारे हेच लोक डिसेंबरात पारा २० वर आला की कानटोपी घालून पाववाल्या पोदेराची वाट बघत उभे असतात! घालायचा चार सकाळी, सांभाळायचा वर्षभर. पावसाळ्यात कपाटात बुरशी. घामाचा नाहीतर आमटीचा डाग राहिला की कसर आधी तिथेच लागते, म्हणून धुऊन, कोरडा करून, डांबरगोळ्या घालून ठेवायचा. घरी धुतला तर पिळायचा नाही, टांगायचा नाही, सावलीत टॉवेलवर पसरायचा. आमच्या बाल्कनीत जुलैत टॉवेलच चार दिवस वाळत नाही. म्हणून तर पैसे मोजून लॉन्ड्रीत दिला ना!

पैशांवरून आठवलं. बिल दीडशे. भिंतीवरच्या पाटीवर लहान मुलांच्या कपड्यांना निम्मा दर होता. मी बोट दाखवलं.

"आणला तेव्हा मोठा होता," मालक म्हणाला.

काकांनी मान डोलावली. त्यांना मालकाचंही बरोबरच वाटलं असणार.