श्वार्झर म्हणे फुकटात दोनदा चॅम्पियन झाला

फुटबॉलच्या पानांवर एक फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. फोटोत ऑस्ट्रेलियाचा गोलकीपर मार्क श्वार्झर, आणि खाली साधारण असा मजकूर: २०१५ मध्ये चेल्सीबरोबर प्रीमियर लीग (इंग्लंडमधली सगळ्यात वरची लीग) जिंकली, २०१६ मध्ये लेस्टरबरोबर पुन्हा जिंकली, खेळला शून्य मिनिटं, दोन पदकं खिशात, जगातली सगळ्यात सुखाची नोकरी. विनोद म्हणून ठीक आहे. पण लोक तो आता माहिती म्हणून सांगायला लागले आहेत, म्हणून हा खटाटोप.

‘शून्य मिनिटं’ हे अर्धंच खरं आहे. २०१४-१५ च्या मोसमात चेल्सीकडून तो मैदानात उतरला नाही. २०१५-१६ मध्ये लेस्टरच्या लीगमधल्या अडतीसच्या अडतीस सामन्यांत लेस्टरचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर कॅस्पर श्मायकेल गोलमध्ये होता. इथवर कबूल. पण त्याच मोसमात श्वार्झर लीग कपचे (लीगहून वेगळ्या, बाद पद्धतीच्या स्पर्धेचे) तीन सामने खेळला, त्यातला शेवटचा हल सिटीविरुद्धचा, जो लेस्टरने पेनल्टींवर गमावला. त्याआधी, २०१५ च्या सुरुवातीला श्मायकेल जायबंदी असताना, तो लेस्टरकडून लीगचे सहा आणि एफए कप या दुसऱ्या बाद स्पर्धेचे दोन सामने खेळला होता. चेल्सीतल्या पहिल्या मोसमाचे (२०१३-१४) बारा धरले तर दोन क्लबांत मिळून २३ सामने होतात.

‘दोन पदकं’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. २०१२-१३ पासून प्रीमियर लीगचं पदक हक्काने मिळायला मोसमात लीगचे किमान पाच सामने खेळावे लागतात. दोन्ही जेतेपदांच्या वेळी श्वार्झर या नियमात बसत नव्हता.

खरी गडबड ‘सुखाची नोकरी’ या शब्दांत आहे. राखीव गोलकीपरबद्दल हा गैरसमज सगळीकडेच दिसतो. क्रिकेटमधला बारावा खेळाडू निदान पाणी घेऊन मैदानात तरी जातो. इथे मात्र महिनोन् महिने सराव करायचा, सामन्याच्या दिवशी बाकावर बसायचं आणि घरी जायचं. मग एखाद्या संध्याकाळी अचानक उतरायचं, तेही बहुधा घात झाल्यावरच. राखीव फॉरवर्ड शेवटची दहा मिनिटं खेळून हात मोकळे करून घेतो. गोलकीपर सहसा कुणी बदलत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये चेल्सीत काय झालं ते बघा. चेल्सीचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर पेत्र चेक आजारी, म्हणून १९ तारखेला सुंदरलँडविरुद्ध श्वार्झर खेळला. चेल्सीसाठी त्याचा लीगमधला हा पहिलाच सामना. सुंदरलँडच्या अलोन्सोचा फटका त्याला धरता आला नाही, विकहॅमने गोल केला आणि चेल्सी १-२ अशी हरली. चेल्सीचा प्रशिक्षक म्हणून मोरिन्यो घरच्या मैदानावर लीगच्या ७७ सामन्यांत हरला नव्हता, तो विक्रम त्या दिवशी मोडला. तीनच दिवसांनी माद्रिदमध्ये अॅटलेटिकोविरुद्ध चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, उपांत्य फेरी. अठराव्या मिनिटाला चेकचा खांदा निखळला. वॉर्मअप झाला न झाला तोच ४१ वर्षांचा माणूस अॅटलेटिकोच्या व्हिसेंते काल्देरोन मैदानाच्या त्या गोंगाटात गोलमध्ये जाऊन उभा राहिला. सामना ०-० सुटला.

मग २७ एप्रिल, लिव्हरपूलचं मैदान अॅनफिल्ड. लीगमधले सलग ११ सामने जिंकून लिव्हरपूल जेतेपदाच्या दारात उभा होता. चेल्सीकडे चेक नव्हता, कर्णधार टेरी नव्हता, आणि बचावात कालास हा पोरगा लीगमधला पहिलाच सामना सुरुवातीपासून खेळत होता. या सामन्यात लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्ड घसरला आणि चेल्सीच्या डेम्बा बाने गोल केला, हे फुटबॉलवाल्यांना पाठ आहे. पण ती आघाडी पुढे अख्खा उत्तरार्ध टिकवायची होती. लिव्हरपूलच्या जो अॅलनचा व्हॉली (चेंडू जमिनीवर पडायच्या आत मारलेला फटका), शेवटी शेवटी सुआरेझचा फटका, दोन्ही श्वार्झरने अडवले. भरपाईच्या वेळेत विलियनने दुसरा गोल केला, चेल्सी २-० ने जिंकली. त्या मोसमाची लीग कोण जिंकणार याला ज्या दुपारी कलाटणी मिळाली, त्या दुपारी गोलमध्ये हा ‘शून्य मिनिटांचा’ माणूस होता. तीन दिवसांनी अॅटलेटिकोने लंडनमध्ये ३-१ ने हरवलं आणि चेल्सी बाहेर पडली. हे सगळं बारा दिवसांतलं. ज्याला यात सुख दिसतं त्याच्यापुढे हात टेकले.

‘संपलेला खेळाडू, शेवटची कमाई करायला आला’ असंही जोडून म्हटलं जातं. चेल्सीत येण्याआधीच्या २०१२-१३ च्या मोसमात तो फुलहॅमकडून लीगचे ३६ सामने खेळला होता. प्रीमियर लीगमध्ये ५०० सामने गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू. मोठ्या क्लबची ओढ त्याला होतीच. २०१० मध्ये आर्सेनलला तो हवा होता, त्यानेही क्लब बदलण्याची लेखी मागणी केली, पण फुलहॅमने सोडलं नाही. मोठा क्लब मिळाला तेव्हा वय झालं होतं चाळीस, आणि त्या मोसमाच्या मध्यातच १०९ आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर त्याने ऑस्ट्रेलियाच्या संघातून निवृत्ती घेतली. ब्राझीलचा विश्वचषक तेव्हा काही महिन्यांवर होता. २००५ मध्ये उरुग्वेच्या दोन पेनल्टी अडवून ऑस्ट्रेलियाला ३२ वर्षांनी विश्वचषकात नेण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्याने तो टीव्हीवर बघायचं ठरवलं.

आता पोस्टमधलं २०१५ चं जेतेपद. २०१४ च्या उन्हाळ्यात चेल्सीचा गोलकीपर कुर्त्वा अॅटलेटिकोहून परत आला आणि श्वार्झर तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला. त्याचा करार मोसम संपेपर्यंतचा होता आणि चेल्सी गुणतक्त्यात पहिल्या जागी होती. मे महिन्यापर्यंत नुसतं बसून राहिला असता तरी करंडक उचलायच्या फोटोत आपोआप आला असता. जानेवारीत त्याने चेल्सी सोडली आणि गेला लेस्टरला, जो तेव्हा विसाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होता.