समितीच्या दारात मूल काढून घेत नाहीत

बाल संगोपन योजनेचे, म्हणजे मुलाला घरीच सांभाळायला मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, अर्ज भरायची वेळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास वर येतो. "बाल कल्याण समितीपुढे मूल उभं केलं की ते सरकारचं झालं. ६० दिवसांत दत्तक देऊन टाकतात. वकिलाला लाखभर मोजल्याशिवाय परत मिळत नाही. त्यापेक्षा आजीच्या नावाने स्टॅम्पपेपरवर नोटरी करा. तसंही आईला कायदा पालक मानतच नाही." खाली हात जोडलेले.

बाल कल्याण समिती म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती. हे वाचून एखादी विधवा बाई तिच्याकडे गेलीच नाही, तर मुलामागे महिन्याला मिळणारे २,२५० रुपये बुडाले. ही मदत एकल पालकाच्या मुलालाही मिळते, मंजूर तीच समिती करते, आणि मूल घरीच राहतं.

आता ते ६० दिवस. बाल न्याय कायदा २०१५, कलम ३८ : दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत, मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करायचं. पण कोणाला? अनाथ किंवा टाकून दिलेल्या मुलाला, तेही पालकांचा शोध घेऊन झाल्यावर. आणखी एक दोन महिन्यांची मुदत कलम ३५ मध्ये आहे. आईवडिलांनी स्वतःहून मूल सोपवलं, तर फेरविचारासाठी त्यांना दिलेला तो वेळ. आईच्या सोयीची मुदत फॉरवर्डवाल्याने तिलाच भीती घालायला वापरली!

स्टेशनवर सापडलेलं मूल २४ तासांत समितीपुढे न्यावं लागतं. बालगृहात ठेवलं, तरी त्याला घरी परत पोचवणं हेच कलम ४० नुसार बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट. सामाजिक तपासणी अहवालाला, म्हणजे घरच्या परिस्थितीच्या चौकशीला, १५ दिवस, अंतिम आदेशाला चार महिने. घरात मारहाण होत असेल, तर समिती मूल देणार नाही, आणि देऊही नये. पण घाबरून तारखेला न जाणं सगळ्यात महागात पडतं. घरून कोणी फिरकलं नाही, ही नोंद फाइलवर बसते.

वकिलाचं म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बापाला मात्र, तो इतर पात्र गटांत बसत नसेल, तर उत्पन्नाची अट आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा, किंवा १५१०० ला फोन करा. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागा, लाजू नका.

नोटरीने पालकत्व मिळत नाही. सही तुमचीच आहे, एवढंच ती सांगते. आजीला कायदेशीर पालक व्हायचं तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. मुलाच्या वाट्याची जमीन विकायची असली की हा फरक कळतो. हिंदू कायद्यात त्यासाठी सख्ख्या आईबापालाही कोर्टाची परवानगी लागते, नोटरीवाल्या आजीची काय कथा.

आईबद्दलचं वाक्य मात्र अगदीच हवेतलं नाही. १९५६ च्या हिंदू कायद्यात आधी वडील आणि "त्यांच्यानंतर" आई असंच लिहिलंय. पण गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ "वडिलांच्या गैरहजेरीत" असा लावला. त्यासाठी वडील वारलेलेच असले पाहिजेत असं नाही. २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाला नोटीस न देता पालकत्व मागायची मुभा मिळाली. आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा एरवी आईकडेच, हे त्याच १९५६ च्या कायद्यात आहे.

खरा त्रास वेगळाच, आणि फॉरवर्डमध्ये तो नाही : जिल्ह्याच्या गावी हेलपाटे, बुडालेली मजुरी, समितीच्या रिकाम्या जागा.

जाताना जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड न्या. निघताना आदेशाची प्रत मागून घ्या. अपिलाचे (बहुतेक आदेशांविरुद्ध ते बाल न्यायालयात होतं) ३० दिवस त्यावरच्या तारखेपासून मोजतात.