मंडेलांनी बायकांना हक्क आयते दिले? नाही हो

एक फॉरवर्ड फिरतोय की दक्षिण आफ्रिकेत १९९४ ला लोकशाही आली आणि मंडेलांनी सगळ्या बायकांना मतदान नि समान हक्क न मागता देऊन टाकले. अर्धवट आहे हे. एक तर गोऱ्या बायकांना मत १९३० पासूनच होतं, कृष्णवर्णीय बायकांना मात्र थेट १९९४ ला. आणि न मागता कसलं? ९ ऑगस्ट १९५६ ला जवळपास २०,००० बायका पासच्या (कृष्णवर्णीयांना कायम जवळ बाळगावं लागणारं ओळखपत्र) सक्तीविरुद्ध राजधानी प्रिटोरियात सरकारच्या दारात गेल्या, सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या ऑफिसात ठेवले आणि मग अर्धा तास एकही शब्द न बोलता नुसत्या उभ्या राहिल्या (मला तर घोषणांपेक्षा ही शांतताच जास्त भारी वाटते).

पुढे १९९२ ला एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या पक्षांतल्या बायकांनी मिळून एक आघाडी काढली, कारण नव्या राज्यघटनेची बोलणी चालली होती आणि टेबलावर बहुतेक पुरुषच, वर जमातींच्या पारंपरिक प्रमुखांचा हट्ट की आमच्या रूढी समानतेच्या कलमातून वगळा. बायकांनी ते होऊ दिलं नाही. तरी रूढीप्रमाणे लग्न झालेल्या बायकोला कायद्याने नवऱ्याच्या बरोबरीचा दर्जा द्यायला १९९८ चा वेगळा कायदा लागलाच.